पोकळ धक्का

तपासणीची खोली आणि माझं वर्कशॉप यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती. ती विटांची असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी महादेव कोष्टी. सांगलीच्या कृष्णाकाठ सायकलिंग केंद्रात एकवीस वर्षं मेकॅनिक होतो. पोरंपोरी महादूकाका म्हणायची. दिवसा चाकांचा आउट काढायचा, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायचं, आणि गुरुवारी संध्याकाळी हरिपूरच्या देवळात कीर्तनाला पेटीची साथ करायची, असा माझा आठवडा. दोन्ही कामं कानाची. स्पोक आवळला की बोटानं छेडून बघायचा. शेजारच्या स्पोकशी सूर जुळला म्हणजे ताण सारखा. त्यासाठी आता मोबाइलवर मोजमाप मिळतं, पण मला त्याची गरज पडली नाही. बुवांनी पद उचललं की ते पेटीवरच्या काळी दोनमध्ये आहे की काळी तीनमध्ये, हे मला पहिल्या अक्षराला कळतं. देवानं दुसरं काही फार दिलं नाही, कान मात्र सढळ हातानं दिले, असं मी मानून होतो.

त्या वर्षी केंद्रात ते मेज आलं. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘कडाका’ म्हणायला सुरुवात केली. त्यावर पालथं झोपायचं, मेज पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत चाचपणार, मग नेमक्या एका मणक्याला धक्का देणार. कड्‌ असा आवाज होणार. दोन मिनिटांत काम संपलं, की उठून सायकलवर.

मेजाबरोबर आलेल्या डॉक्टर राजाध्यक्ष बाई समजावून सांगण्यात चांगल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना मैदानावर बसवून सांगितलं, की मणक्यांच्या सांध्यांना चिकटून बारीक बारीक स्नायू असतात. ते ओझं उचलत नाहीत, बातमी देतात. शरीर कुठं वाकलंय, किती ताणलंय, ते मेंदूला कळवतात. सायकलवाला तासन्‌तास कमरेत वाकून बसतो, त्यामुळे ही बातमी शिळी होत असावी. मग मेंदू सावध होतो आणि पायांना हात राखून ताकद देतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात नेमका धक्का बसला, तर बातमी ताजी होईल आणि पाय मोकळे सुटतील, असा तर्क. आमच्या भागातले हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या मणके बसवत आले, पण दुखऱ्या पाठीचे. धडधाकट सायकलवाल्याला त्याचा फायदा होतो का, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. जुन्या चाचण्यांत कधी थोडं दिसायचं, कधी काहीच नाही. बाईंच्या मते खरी अडचण आवाजाची होती. ज्याच्या पाठीत कड्‌ वाजतं त्याला वाटतंच, की आपल्याला काहीतरी मिळालं. आणि ज्याला तसं वाटतं तो जोरात चालवतो.

म्हणून चाचणी अशी आखली होती. चोवीस स्वार, बारा आठवडे. बारा जणांना खरा धक्का, बारा जणांना पोकळ. पोकळ धक्क्यातही मेज हलणार, दाबणार, आवाज येणार, फक्त मणक्यापर्यंत जोर पोचणार नाही. कुणाला काय मिळतं ते स्वाराला माहीत नाही, कोचला नाही, खुद्द बाईंनाही नाही. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी. मेज पट्टी वाचतं आणि ठरल्याप्रमाणे वागतं. यादी पुण्याच्या एका समितीकडे सीलबंद.

फायदा झालाच तर तो दोन टक्के ताकदीचा असेल, असं बाई म्हणाल्या. चार किलोमीटरच्या पर्सूटमध्ये, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध मारायच्या शर्यतीत, दोन टक्के ताकद म्हणजे सुमारे दोन सेकंद. ऐकायला काहीच नाही. पण बाराव्या आठवड्यानंतर राष्ट्रीय चमूची निवड होती, आमच्या केंद्रातून एकच मुलगी घेणार होते, आणि त्या जागेसाठी ज्या दोघी होत्या त्यांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर होतं.

एक माझी मुलगी ईश्वरी. दुसरी मिरजेची शमा मुजावर. दोघी अकराव्या वर्षापासून एकत्र. सरावात एकीनं पुढं राहून वारा कापायचा, दुसरीनं तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहायचं. ताशी पंचेचाळीसचा वेग असतो. मागचीला रस्ता दिसत नाही, फक्त पुढचीची पाठ दिसते. पुढची उगाच ब्रेक मारणार नाही, एवढ्याच भरवशावर ती चालवत असते. नऊ वर्षांत त्या दोघी एकमेकींमुळे कधी पडल्या नव्हत्या.

चौथ्या आठवड्यात मला ते ऐकू आलं.

भिंतीपलीकडं रोज चोवीस कडाके वाजायचे. मी चेन धूत असायचो आणि कान आपलं काम करत असायचा. काहींचा आवाज रोज वेगळा यायचा. आज खर्जातला, उद्या चढा, कधी दोन मणके पाठोपाठ. आणि काहींचा मात्र रोज तोच, तसाच, काळी तीनचा, केसभरही न हलणारा. कोण कितव्या क्रमानं आत जातं त्याची दारावरची यादी समोर ठेवून मी दहा दिवस ऐकलं. बारा जण बदलते, बारा जण एकसुरी. हाड असं रोज एका सुरात बोलेल होय? एका सुरात बोलतो तो स्पीकर.

शमाचा आवाज बदलता होता. ईश्वरीचा काळी तीन.

मी गप्प बसायला हवं होतं. आठवडाभर बसलोही. दोघींच्या वेळा सारख्याच सुधारत होत्या, ते मला दिसत होतं. पण एकदा कळल्यावर मला वेगळंच दिसायला लागलं. डॉक्टर बाई मिरजेत राहायच्या. त्या एकदा शमाच्या आईच्या हातचा शिरखुर्मा खाऊन आल्या होत्या आणि त्यांनी तो चारचौघांत वाखाणला होता. पट्ट्या वाटताना शमाची पट्टी त्यांनी स्वतः बांधली होती. मी ह्या गोष्टी एकापुढं एक मांडत गेलो आणि त्यांतून पुरावा तयार झाल्यासारखा वाटला. शिरखुर्मा मीही खाल्ला होता, हे तेव्हा आठवलं नाही.

एका दुपारी ईश्वरी वर्कशॉपमध्ये डबा खायला बसली असताना मी तिला सांगून टाकलं.

तिनं भाकरीचा घास तसाच हातात धरला. “आप्पा, नक्की?”

“दहा दिवस ऐकलंय. तुझा एकच सूर आहे. तुझ्या पाठीत ते मेज काहीच करत नाही.”

“आणि शमाच्या?”

मी प्लायवूडच्या भिंतीकडं बघितलं. तिला ते पुरलं.

पुढच्या पंधरा दिवसांत ईश्वरीची वेळ तीन सेकंदांनी घसरली. झोप तीच, जेवण तेच, सराव तोच. कोचनं रक्त तपासून घेतलं, त्यातही काही निघालं नाही. सरावात ती शमाच्या चाकामागं वीतभराच्या जागी हातभर राहायला लागली, मग सायकलभर. एवढ्या अंतरावर मागचीला पुढचीचा काही उपयोग नसतो, सगळा वारा तोंडावर येतो. शमानं आधी थट्टेवारी नेलं. माझ्या अंगाला वास मारतो का गं, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं आणि सगळे हसले. ईश्वरी हसली नाही. म्हणाली, तुला काय, तुझी पाठ रोज वाजते. शमाला काही कळेना. सगळ्यांचीच वाजते की, असं म्हणत ती माझ्याकडं बघायला लागली. मी पंपात तोंड घातलं.

आमच्याच घरात असं चाललं होतं असंही नाही. मेज सात-आठ केंद्रांत बसवलं होतं आणि बातमी गावोगाव पोचली होती. साताऱ्याच्या शर्यतीत एका पोरीनं पहिला नंबर काढला, तर दुसरीच्या बापानं पंचांकडं तक्रार केली, की हिची पाठ तपासा. कशी तपासणार? लघवीत उतरत नाही, रक्तात दिसत नाही. धक्का दिलेला मणका आणि न दिलेला मणका बाहेरून सारखाच. मग बक्षीस घेताना मागून पोरं ओरडली, पाठ दाखव, पाठ दाखव. ती पोर चषक न घेताच खाली उतरली. तिच्या गावात मेज नव्हतंच, हे नंतर कळलं.

आठव्या आठवड्यात ईश्वरी पुन्हा वर्कशॉपमध्ये आली. मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, की पट्ट्या दुपारच्या चार्जिंगला तुमच्याकडंच असतात ना. मी हो म्हणालो. ती उठून गेली. आमचं एवढंच बोलणं झालं. न्यायालयात कुणी विचारलं असतं तर दोघांनाही शपथेवर सांगता आलं असतं, की कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी दोघींच्या पट्ट्या उघडल्या. चार बारीक स्क्रू. मेज वाचतं ती आतली चकती काढून ह्या पट्टीतली त्या पट्टीत, तिच्यातली हिच्यात. सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे बदलण्याइतकंही कठीण नव्हतं. मी हात धुतले आणि तीन वाजता भिंतीला कान लावून उभा राहिलो. शमाचा कडाका आला तो काळी तीनचा. थोड्या वेळानं ईश्वरीचा आला आणि तो खर्जात उतरला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. आज काहीतरी वेगळं झालं, कमरेत मोकळं वाटतंय, असं तिनं कोचला सांगितलं. त्या दिवशी तिनं गेल्या दोन महिन्यांतली सगळ्यात जास्त ताकद लावली. आठवडाभरात तिचे तीन सेकंद परत आले आणि वर आणखी एक.

शमाला मी काही बोललो नव्हतो. ती होती तशीच चालवत राहिली.

त्या गुरुवारी हरिपूरला बुवांनी पूर्वरंग फार सुंदर लावला होता. देऊळ भरलेलं, उदबत्तीचा वास, बायका पुढं सरकून बसलेल्या. पण माझी बोटं पुन्हा पुन्हा काळी तीनवर जाऊन थांबायची. बुवांचं पद दुसऱ्याच पट्टीत. त्यांनी दोनदा मान वळवून बघितलं, तिसऱ्यांदा चिपळ्या थांबवल्या आणि हसून श्रोत्यांना सांगितलं, की आज आमचे महादेवराव आमच्यापेक्षा मोठ्या विचारात आहेत. लोक हसले. कीर्तन संपल्यावर बुवा साथीदारांना उराउरी भेटतात, ही आमच्याकडची रीत आहे. त्या एका भेटीसाठी मी वीस वर्षं पेटी उचलून नेत आलो. त्या दिवशी आरती चालू असतानाच मी पेटीवर कापड टाकलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

बारावा आठवडा संपला. निवडीच्या दिवशी शमानं पाच मिनिटं दोन पूर्णांक नऊ सेकंद घेतले. ईश्वरीनं दोन पूर्णांक चार. अर्ध्या सेकंदानं जागा तिची झाली. शमा सायकल टेकवून सरळ तिच्याकडं आली आणि तिनं हात पुढं केला. ईश्वरीनं हात दिला, पण नजर दिली नाही.

दोन आठवड्यांनी समितीनं यादी उघडली. केंद्राच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. पडद्यावर दोन रकाने आले. मी डाव्या रकान्यात शमाचं नाव शोधायला लागलो. तो ‘खरा धक्का’चा रकाना होता. त्यात नाव होतं ईश्वरी कोष्टी.

मला वाटलं, रकाने उलटे छापलेत.

डॉक्टर बाई खुशीत होत्या. खरा धक्का मिळालेला गट थोडक्यानं पुढं होता, अगदी काठावर, पण पुढं. सगळ्यात ठळक सुधारणा ईश्वरीची, शेवटच्या चार आठवड्यांतली. शासनानं क्रीडा वसतिगृहांसाठी अशी दोनशे मेजं घ्यायचं जवळजवळ ठरवलंय, असं त्यांनी सांगितलं. मग कुणाला काही विचारायचंय का, म्हणाल्या. मी उभा राहिलो. आवाज कुठून येतो, एवढंच विचारलं.

त्यांना प्रश्न आवडला. त्या सांगायला लागल्या, की खऱ्या धक्क्यात सांध्याचा आवाज कधी होतो, कधी होत नाही, म्हणून मेज त्यावर आपला एक ठरावीक मोठा आवाज टाकतं. पोकळ धक्क्यातही पूर्वी तोच आवाज असायचा. पण दुसऱ्या एका शहरात पोरांनी ओळखलं. धक्का जाणवत नाही आणि आवाज रोज तोच, म्हणजे हे खोटं. म्हणून मग पोकळसाठी निरनिराळ्या खऱ्या पाठींचे आवाज भरले, रोज वेगळा वाजावा म्हणून. खऱ्याचा आवाज बदलायची गरज पडली नाही, कारण मेजावर झोपलेल्याला धक्का जाणवतोच आणि आवाजाकडं त्याचं लक्ष जात नाही.

“बाहेर उभं राहून कुणी ऐकत बसेल, असं आमच्या डोक्यात आलं नाही,” असं म्हणून बाई हसल्या.

मी खाली बसलो. माझ्या कानानं एकही चूक केली नव्हती. ऐकलं ते सगळं बरोबर होतं आणि त्याचा लावलेला अर्थ सगळा उलटा होता. ईश्वरीला आठ आठवडे खरा धक्का मिळत होता. तो मी माझ्या हातानं काढून शमाला दिला. शेवटचे चार आठवडे माझी मुलगी पोकळ मेजावर झोपत होती, आणि त्या चार आठवड्यांतल्या तिच्या सुधारणेवर दोनशे मेजं विकली जाणार होती.

घरी गेल्यावर ईश्वरीला सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. म्हणजे मी काहीच नसताना जिंकले, असं ती दोनदा म्हणाली. खोलीत फेऱ्या मारायला लागली. मग थांबली.

“आप्पा, हे कुणाला सांगायचं नाही.”

मी म्हणालो, की चाचणी खोटी ठरली आहे. ती म्हणाली, ठरली तर ठरू दे, मेजं विकतील, कुणाच्या पाठी मोडत नाहीत ना. तिची जागा मात्र जाईल. तिचं म्हणणं साधं होतं. तिनं खोटं काही घेतलं नाही, उलट खरं होतं ते सोडलं. मग शिक्षा कशाची? ती बाहेर गेल्यावर मी देवासमोर बसलो. नेहमी बसल्याबरोबर काहीतरी ओठांवर येतं. त्या दिवशी काही आलं नाही.

चौथ्या दिवशी शमा वर्कशॉपमध्ये आली. तिला तिची हत्यारं न्यायची होती. सायकल सोडतेय, मिरजेत एका लॅबमध्ये काम मिळतंय, असं तिनं सहज आवाजात सांगितलं. मी कारण विचारलं.

“काका, यादी बघितली ना तुम्ही? तिला खरं मिळालं, मला पोकळ. अर्ध्या सेकंदानं गेले मी. माझं नशीबच तिथं ठरलं, मी पायडल मारायच्या आधी. आता दर वेळेला शेजारच्या पोरीकडं बघून हेच वाटणार, की हिच्या पाठीत काय आहे. असं वाटत असताना चालवता येत नाही.”

मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कान, काळी तीन, पट्ट्या, चार स्क्रू. माझं संपल्यावर तिनं पाना पिशवीत टाकला आणि माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं मला त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे खरा धक्का चार आठवडे मला होता, पोकळ तिला होता, आणि तरी ती जिंकली. हेच सांगायला आलात ना?”

“मी कुठं आलो, तूच आलीस,” मी म्हणालो, आणि किती वेडगळ बोललो ते मला ऐकू आलं.

“बापच आहात शेवटी. माफी मागतानासुद्धा पोरीचंच कौतुक.”

मी खरं बोलत होतो आणि ते बढाईसारखं ऐकू येत होतं. शिवाय मी खरं बोलतोय ह्याला पुरावा काय? ज्यानं एकदा पट्ट्या बदलल्या तो कहाणीही बदलू शकतो. तसं ती बोललीही. ती दारापर्यंत गेली आणि मागं वळली. मेजाशिवाय पुन्हा शर्यत व्हावी, दोघींची, एवढंच तिला हवं होतं. पण ते मी मागायचं नाही आणि बाईंनीही नाही.

“ईश्वरीनं स्वतः मागायला पाहिजे. तिनं मागितलं तर मी तुमचं सगळं खरं मानेन.”

संध्याकाळी मी हे ईश्वरीला सांगितलं आणि सकाळी डॉक्टर बाईंकडं जाणार आहे हेही. ती म्हणाली, तुम्ही माझं दोनदा घालवलंत. एकदा सांगून, एकदा बदलून. आता तिसऱ्यांदा. जेवली नाही. दार लावून घेतलं.

सकाळी आठला मी बाईंच्या खोलीशी पोचलो तर आतून ईश्वरीचा आवाज येत होता. मी बाहेरच उभा राहिलो. ती सांगत होती, की पट्ट्यांचं तिनंच सुचवलं होतं, आणि तिला शमाबरोबर पुन्हा चालवायचंय. बाईंनी विचारलं, का, जागा तर तुझी आहे.

“पाच-दोन-चार ही वेळ माझी आहे का, ते मला माहीत नाही,” ईश्वरी म्हणाली. “कधी वाटतं मेजाची, कधी वाटतं आप्पांची.”

मी आत गेलो आणि माझ्याकडचं सगळं सांगितलं. बाईंनी मेजाची नोंद उघडली. मेज दर वेळी धक्क्याआधी पाठीचा कणा चाचपतं, त्याचा आकार साठवून ठेवतं. बाराही आठवड्यांचे आकार तिथं होते आणि कुणी ते पाहिले नव्हते, कारण पाहायचं काही कारण नव्हतं. ईश्वरीच्या नावाखाली आठव्या आठवड्यानंतर कणा बदलला होता. दुसऱ्याच माणसाचा कणा. शमाच्या नावाखालीही तसंच. पुराव्याला एवढं पुरे होतं.

त्या दोघी वगळून बाईंनी आकडे पुन्हा मांडले. दोन्ही गट सारखेच वाढले होते. खरा आणि पोकळ यांच्यात बोट ठेवायलाही फरक उरला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चार वर्षांचं काम होतं त्यांचं. मला वाटलं आता ओरडतील. त्या ईश्वरीच्या आलेखातल्या एका खड्ड्यावर बोट ठेवून बसल्या. सहावा ते आठवा आठवडा. मेज खरा धक्का देतच होतं आणि वेळ तीन सेकंदांनी पडली होती.

“कोष्टी, माझ्या मेजाला दोन सेकंद काही मिळवता आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या एका वाक्यानं तीन घालवले. ह्या सगळ्या चाचणीत मला ठाम दिसलेली गोष्ट ही एवढीच आहे.”

मला त्याच दिवशी कामावरून काढलं, ते योग्यच होतं. ईश्वरीचं काय करायचं ते समितीला लवकर ठरवता येईना. पोकळ मेजावर झोपणं हा गुन्हा कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. शेवटी तिला लेखी ताकीद दिली आणि शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. दहा दिवसांनी, मेजाला कुलूप लावून, पट्ट्या काढून. मेजांची खरेदी थांबली, असं पेपरात एका कोपऱ्यात आलं. साताऱ्यात मात्र लोक म्हणत राहिले, की मेज चालत होतं, मुद्दाम दाबलं.

शर्यतीच्या सकाळी मला आत प्रवेश नव्हता. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. दोघी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना, एकमेकींपासून अर्धी फेरी लांब. मला लांबून त्यांची फक्त हेल्मेटं दिसत होती, एक लाल, एक पांढरं. कुणाची कितवी फेरी ते माझ्या लक्षात राहीना. मी डोळे मिटून घेतले, मग उघडले, तोवर दोघी शर्यत संपवून जोर सोडून नुसत्या फिरत होत्या. आत कुणी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते कळलं नाही.

अर्ध्या तासानं ईश्वरी सायकल ढकलत फाटकाबाहेर आली आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर बसली. केस कपाळाला चिकटलेले होते. दहा दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती.

“पाच-एक-नऊ,” ती म्हणाली.

एवढी चांगली वेळ तिनं आजवर कधीच दिली नव्हती. मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली बुटाची पट्टी सोडवत होती.

“शमा पाच-एक-सहा. सोमवारी दिल्लीला निघणार ती.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही.

“वाईट वाटतंय?” मी विचारलं.

“वाटतंय की. पण कुणाविषयी मनात काही नाही.” तिनं बूट काढून पाय डांबरावर टेकवले. मग म्हणाली, “तिची सायकल खोलून विमानाच्या खोक्यात भरायचीय. नवा मेकॅनिक आहे, पण ती म्हणाली काकांनाच भरू दे.”

मी मान वळवून तोंड पुसलं.

“समोर उभी राहून बघणार आहे, हेही सांगायला सांगितलंय. एकेक स्क्रू.”

“बघू दे,” मी म्हणालो. “कधी येऊ?”